टॉर ब्राउझर आणि स्नोफ्लेक : दीड वर्षाच्या वापरानंतर

गेले दीड वर्ष मी टॉर ब्राउझर, म्हणजे ओळख लपवून अडवलेली संकेतस्थळेही उघडू देणारा ब्राउझर, लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड फोनवर वापरत आहे, आणि त्याच्या जोडीचे ‘स्नोफ्लेक’ (हिमकण) हे, इतरांना टॉरपर्यंत पोचायला मदत करणारे एक्स्टेन्शन माझ्या नेहमीच्या फायरफॉक्समध्ये चालू ठेवत आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्हींचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. त्यांची खरी परीक्षा मात्र पुण्यातल्या माझ्या घरी होत नाही; ती तेहरान, मॉस्को आणि बीजिंगमध्ये होते, जिथे सरकारने बातम्यांची संकेतस्थळे, समाजमाध्यमे आणि निरोपांची अॅप्स नागरिकांसाठी बंद करून ठेवली आहेत. म्हणून या परीक्षणात माझा स्वतःचा अनुभव आणि त्या देशांमध्ये या साधनाचे काय झाले याचा वृत्तान्त, दोन्ही एकत्र धरले आहेत.

या विषयाशी माझी गाठ पुण्यातच पडली. पदव्युत्तर वर्गात माझ्याबरोबर शिराजची एक विद्यार्थिनी होती. त्या काळी पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ असत. ‘फिल्टरशिकन’ हा शब्द मी प्रथम तिच्याकडून ऐकला. इतिहासाच्या पुस्तकांत ‘बुतशिकन’ वाचलेल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इराणमध्ये फेसबुक आणि ट्विटर २००९ पासून आणि टेलिग्राम २०१८ पासून बंद आहे, त्यामुळे फिल्टर मोडणारे हे साधन तिथे घरोघरच्या बोलण्यातले झाले आहे. शिक्षण संपवून ती मायदेशी गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या बावीस वर्षांच्या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, देशभर निदर्शने पेटली आणि सरकारने इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅपही बंद केले. मी पाठवलेल्या निरोपापुढे कित्येक दिवस एकच टिक दिसत राहिली. अखेर तिचा ईमेल आला, तो टॉर ब्राउझरमधून, स्नोफ्लेकच्या वाटेने पाठवलेला होता. आपण सुखरूप आहोत, एवढेच त्यात लिहिले होते.

टॉरची मूळ कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यावर पॉल सिव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी मांडली. आपण एखादे पान मागितले की ती मागणी कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कूटलेखनाच्या तीन थरांत गुंडाळली जाते आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या हजारो रिलेंपैकी, म्हणजे मागणी पुढे पोचवणाऱ्या संगणकांपैकी, तिघांच्या हातून जाते. पहिल्या रिलेला आपण कोण हे कळते, पण आपण कुठे चाललो आहोत हे कळत नाही. तिसऱ्याला ठिकाण कळते, पण माणूस कळत नाही. आणि मधल्याला दोन्हींपैकी काहीच कळत नाही. हे जाळे २००२ मध्ये सुरू झाले, त्याचा कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि २००६ मध्ये ‘टॉर प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. नौदलाने स्वतःसाठी घडवलेले साधन जगाला का देऊन टाकले, हा प्रश्न मला बराच काळ पडत असे. जाळे फक्त नौदलाने वापरले असते, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच, हे बघणाऱ्याला तत्काळ कळले असते. त्यात विद्यार्थी, पत्रकार, गृहिणी, व्यापारी असे सगळे मिसळले तरच कुणा एकाला लपता येते. या साधनाची ताकद त्याच्या गणिताइतकीच त्यातल्या गर्दीवर अवलंबून आहे, आणि त्या गर्दीत आपल्यासारख्या निर्धास्त लोकांचीही गरज आहे, हे मला या दीड वर्षात नीट उमगले.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. ब्राउझर फायरफॉक्सवरच बेतलेला असल्यामुळे हाताळायला अनोळखी वाटत नाही. उघडल्यावर ‘कनेक्ट’ हे बटण दाबले की माझ्याकडे साधारण दहा-पंधरा सेकंदांत जोडणी होते. मजकुराची पाने बऱ्यापैकी वेगाने येतात, चित्रे रेंगाळतात, आणि व्हिडिओ पाहण्यासाठी हे साधन मी कुणालाही सुचवणार नाही. खिडकी मोठी केली की पानाभोवती राखाडी पट्टी उरते. पडद्याच्या नेमक्या मापावरून कुणाला आपली ओळख पटवता येऊ नये यासाठी ती मुद्दाम ठेवलेली आहे, हे समजल्यावर तिचा त्रास वाटेनासा झाला. बंद करताच इतिहास आणि कुकी पुसल्या जातात. अनेक संकेतस्थळे टॉरमधून आलेल्याकडे संशयाने पाहतात आणि ‘तुम्ही माणूस आहात का’ हे पुन्हा पुन्हा विचारतात. बँकेचे व्यवहार तर यातून करूच नयेत, कारण तिथे नाव सांगूनच आत जायचे असते आणि टॉरचा उपयोग उरत नाही. सुरक्षिततेच्या तीन पातळ्या आहेत. सर्वांत वरची निवडली तर जावास्क्रिप्ट पूर्ण बंद होते आणि निम्मी संकेतस्थळे मोडकळीस आल्यासारखी दिसतात. नेहमीच्या वाचनासाठी मला मधली पातळी पुरेशी वाटते.

माझ्याकडे ‘कनेक्ट’ एकदा दाबून काम होते, चीनमध्ये मात्र ते होत नाही, आणि या साधनाचा खरा कस तिथेच लागतो. टॉरच्या रिलेंची यादी सार्वजनिक असल्यामुळे ती घेऊन सगळे पत्ते अडवणे सरकारला सोपे असते. चीनने हे २००९ मध्ये, प्रजासत्ताकाच्या साठाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर केले. त्यावर यादीत नसलेले गुप्त रिले, म्हणजे ‘ब्रिज’, हा उपाय होता. पुढे चीनच्या यंत्रणेने त्याचीही वाट काढली. एखादी जोडणी संशयास्पद दिसली की ती यंत्रणा स्वतःच त्या परदेशी सर्व्हरचा दरवाजा ठोठावते, टॉरच्या भाषेत बोलून पाहते, आणि पलीकडून त्याच भाषेत उत्तर आले की तो पत्ता बंद करते. ‘ओबीएफएस-४’ हा ब्रिजचा प्रकार यावरचे उत्तर आहे: ज्याच्याकडे आधीच दिलेली गुप्त किल्ली नाही त्याला तो सर्व्हर उत्तरच देत नाही, आणि जाणारा मजकूर कोणत्याही ओळखीच्या साच्यात बसत नाही. तरीही चीनमध्ये टॉर आजही अवघड आहे, आणि तिथे भिंत ओलांडू पाहणारे बहुतेक लोक इतर साधनांचा आधार घेतात. हा या वस्तूचा मोठा उणेपणा आहे आणि तो लपवून परीक्षण लिहिणे योग्य होणार नाही.

रशियात चित्र वेगळे दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने टॉरचे संकेतस्थळ आणि रिले अडवले, तेव्हा रोज तीन लाखांहून अधिक रशियन लोक टॉर वापरत होते, असे टॉर प्रोजेक्टने सांगितले होते. म्हणजे जगातल्या एकूण वापरकर्त्यांपैकी साधारण १५ टक्के. तीन महिन्यांत युक्रेनवर आक्रमण झाले आणि फेसबुक व ट्विटरही बंद झाले. ज्या लोकांना त्या दिवसांत युद्धाला युद्ध म्हणणारी बातमी वाचायची होती, त्यांच्यासाठी ब्रिज ही गरजेची गोष्ट झाली. बीबीसीने २०१९ पासून आपल्या बातम्या फक्त टॉरमधूनच उघडणाऱ्या आतल्या पत्त्यावर, अगदी फारसी आणि रशियन सेवांसह, उपलब्ध केल्या आहेत. जुलै २०२२ च्या ११.५ या आवृत्तीपासून जोडणी होत नसेल तर कोणता ब्रिज आपल्या देशात चालेल हे ब्राउझरच सुचवतो. त्याआधी ब्रिज मिळवून त्याची लांबलचक ओळ योग्य जागी चिकटवणे हे तांत्रिक माणसाचे काम होते, आणि घाबरलेल्या, घाईत असलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होते.

स्नोफ्लेक मला या सगळ्यांत सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते २०२१ पासून ब्राउझरच्या मुख्य आवृत्तीतच आहे. ठरावीक सर्व्हर आज ना उद्या सापडतो. म्हणून इथे पूल हा हजारो सामान्य लोकांच्या ब्राउझरचा बनवला आहे. मी एक्स्टेन्शन चालू ठेवते तेव्हा माझे घरचे इंटरनेट काही काळ कुणातरी अनोळखी माणसाची पहिली पायरी बनते. त्याची विनंती एका मध्यस्थाकडे जाते, मध्यस्थ त्याची माझ्याशी गाठ घालून देतो, आणि पुढची जोडणी व्हिडिओ कॉलसाठी वापरल्या जाणाऱ्या वेबआरटीसी या तंत्राने होते. मी लॅपटॉप मिटला की हिमकण विरघळतो आणि त्याला दुसरा मिळतो. अडवणाऱ्याने माझा पत्ता बंद केला तरी त्याच्या हाती फार काही लागत नाही. यात मला धोका काय, असे अनेकांनी विचारले. तो माणूस काय वाचतो हे मला दिसत नाही, आणि तो जिथे पोचतो त्या संकेतस्थळाला माझा पत्ता दिसत नाही, कारण माझ्यानंतर टॉरचे जाळे उभेच असते.

हे तंत्रही अभेद्य नाही. सप्टेंबर २०२२ अखेर इराणमधून स्नोफ्लेकचा वापर अचानक वाढला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तितकाच अचानक कोसळला, कारण जोडणी सुरू होतानाच्या कूटलेखनातली एक खूण अडवणाऱ्यांनी ओळखली होती. विकासकांनी ती खूण बदलली आणि वापर पुन्हा वर आला. त्याआधी रशियातही असाच प्रसंग घडून गेला होता. या पाठशिवणीत विकासक थकत नाहीत, हे मी या वस्तूच्या गुणांत धरते.

एक्स्टेन्शन चालू करताना मला दर वेळी गोव्याची आठवण होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यातले वर्तमानपत्र छापण्याआधी सेन्सॉरच्या हाताखालून जात असे. तेव्हा १९५५ पासून १९६१ च्या मुक्तीपर्यंत लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेलगतच्या भारतातल्या जंगलात राहून कोकणी आणि पोर्तुगीजमधून गुप्त रेडिओ चालवला, आणि आतल्या लोकांना बाहेरच्या जगाची बातमी दिली. त्यांनी सहा वर्षे जंगलात काढली आणि माझे काम एका क्लिकवर होते, त्यामुळे तुलना करण्याचा मला अधिकार नाही. पण सीमेच्या मोकळ्या बाजूला असलेल्याने आतल्या माणसासाठी काहीतरी चालू ठेवायचे, हे नाते मला तिथूनच समजले.

मर्यादांविषयी आणखी काही सांगणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलच्या दरवाढीविरुद्ध आंदोलन झाले तेव्हा इराणने जवळजवळ आठवडाभर इंटरनेटच तोडले. तार तुटल्यावर फिल्टरशिकन काय मोडणार? शिवाय ब्रिजशिवाय वापर केला तर आपण टॉर वापरत आहोत हे सेवा पुरवठादाराला दिसते. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळण्यासाठी बॉम्बची खोटी धमकी टॉरमधून पाठवणारा विद्यार्थी सापडला, तो टॉर फुटल्यामुळे नव्हे, तर त्या वेळी विद्यापीठाच्या जाळ्यावरून टॉर वापरणारे मोजकेच असल्यामुळे. त्याचे कृत्य निंद्यच होते. पण गर्दी नसेल तर निरपराध माणूसही याच रीतीने उघडा पडतो. टॉर प्रोजेक्टच्या निधीत अमेरिकी सरकारचा वाटा मोठा राहिला आहे, यावर आक्षेप घेतला जातो आणि तो गैरलागू नाही. कोड उघडा आहे आणि रिले वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या लोकांच्या हाती आहेत, यामुळे माझा विश्वास टिकला आहे. तरीही निधीची पाळेमुळे अधिक देशांत पसरावीत असे मला मनापासून वाटते.

भाषेच्या बाबतीत मात्र मी निराश आहे. फारसी, रशियन, चिनी, बर्मी अशा भाषांत ब्राउझर मिळतो, पण मराठी त्यात नाही. आयफोनवर अधिकृत टॉर ब्राउझरही नाही. तिथे ‘ओनियन ब्राउझर’ हे वेगळे अॅप घ्यावे लागते.

ज्यांना प्रयोग करून पाहायचा आहे त्यांनी ब्राउझर टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. ज्यांना तेवढेही नको, त्यांनी निदान स्नोफ्लेकचे एक्स्टेन्शन आपल्या फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये बसवावे. मोबाइलच्या मोजक्या डेटावर ते चालवू नये, घरच्या वायफायवर चालवावे. कुणी जोडले गेले की त्याचे चिन्ह हिरवे होते आणि गेल्या चोवीस तासांत किती जणांना वाट मिळाली याचा आकडा दिसतो. माझ्याकडे तो कधी तीन असतो, कधी वीस. ते लोक कोण आणि कुठले, हे मला कळत नाही आणि कळूही नये. इराणचे घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास मागे आहे, म्हणून मी लॅपटॉप रात्री दोनपर्यंत चालू ठेवते; तेव्हा शिराजमध्ये बारा वाजलेले असतात.