बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घ्यावा की ओसी मिळालेला? बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्यांसाठी तुलना

बिल्डरच्या ऑफिसात दोन फ्लॅट दाखवले जातात. एक तयार, ज्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी मिळालेलं आहे. दुसरा त्याच रस्त्यावरच्या नव्या प्रोजेक्टमधला, अजून आठव्या स्लॅबवर. दुसऱ्याचा भाव कमी असतो आणि 'पैसे हळूहळू द्यायचेत' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. दोन्हींचा हिशेब एकाच कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नका, कारण भावातला फरक आणि खर्चातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी पैशाचा हिशेब

पुण्यातला ६० लाखांचा फ्लॅट घेऊ. कर्ज ८० टक्के म्हणजे ४८ लाख, व्याज साडेआठ टक्के. सध्याचं भाडं महिना २० हजार. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीचा ताबा ३० महिन्यांनी. समजायला सोपं जावं म्हणून दोन्हींची किंमत सारखीच धरली आहे.

| खर्च | बांधकाम सुरू | ओसी मिळालेला |
|---|---|---|
| करारातली किंमत | ६०,००,००० | ६०,००,००० |
| जीएसटी ५ टक्के | ३,००,००० | नाही |
| मुद्रांक शुल्क ७ टक्के | ४,२०,००० | ४,२०,००० |
| नोंदणी फी | ३०,००० | ३०,००० |
| ३० महिन्यांचं भाडं | ६,००,००० | नाही |
| ३० महिन्यांचं व्याज (ढोबळ) | ५,१०,००० | १०,२०,००० |
| एकूण | ७८,६०,००० | ७४,७०,००० |

बांधकाम सुरू असताना कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं जातं, म्हणून व्याज सरासरी निम्म्या रकमेवर धरलं आहे. तिथे वाचलेले पाच लाख भाड्याने जवळपास खाऊन टाकले. उरला तो जीएसटी आणि वर थोडं, मिळून ३ लाख ९० हजार. भाव कमी झाला की त्यावरचा जीएसटी आणि मुद्रांक शुल्कही कमी होतं, त्यामुळे नव्या प्रोजेक्टमधला फ्लॅट किमान साडेतीन लाखांनी स्वस्त असेल तरच दोन्ही बाजू बरोबरीत येतात. तयार घराचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर लगेच सुरू होतो, तो धरला तर हा आकडा थोडा खाली येईल. पण यात जोखमीचा मोबदला अजून शून्य आहे. आमच्या मते सहा-सात टक्के सूट म्हणजे फक्त बरोबरी. दहा-बारा टक्क्यांच्या पुढे फरक असेल तर विचार सुरू करावा.

तुमचे आकडे घालून हे कोष्टक पुन्हा करा. आईवडिलांच्या घरात राहत असाल, भाडं नसेल, तर पारडं लगेच फिरतं.

करांचे तपशील नीट बघा. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, पुणे, ठाणे, नागपूर महापालिका हद्दीत ७ टक्के. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. हे शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. परवडणाऱ्या घराला जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो, पण त्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत हवी आणि कार्पेट म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर, पुण्यासारख्या इतर शहरांत ९० चौरस मीटरपर्यंत. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर बिल्डरला देताना १ टक्का टीडीएस (आयकर खात्याकडे जाणारी कर कपात) कापून तुम्हीच भरायचा असतो. अनेक जण हे विसरतात आणि नंतर दंड भरतात.

'हळूहळू पैसे' किती खरं?

रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा कायदा. त्याच्या महाराष्ट्राच्या नियमांमधल्या नमुना करारानुसार करारावेळी १० टक्के, करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथला म्हणजे जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब होईतो ७०, आतलं प्लास्टर, फ्लोअरिंग, दारं-खिडक्यांपर्यंत ७५, पुढे ८०, ८५, ९५ आणि शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी.

६० लाखांचे ३० टक्के म्हणजे १८ लाख. बँक आधी तुमचा हिस्सा घालायला लावते, म्हणजे १२ लाख खिशातून. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी पूर्ण किमतीवर, करार नोंदवतानाच, ती साडेचार लाख. शिवाय भरलेल्या रकमेवरचा जीएसटी. तयार फ्लॅटलाही सुरुवातीला तुमच्या खिशातून साडेसोळा लाखच जातात. हाताशी रोख कमी आहे म्हणून बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घेणाऱ्याला या मार्गाने काहीच मिळत नाही. सवलत मिळते ती ईएमआयमध्ये, रोख रकमेत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सांगाडा उभा राहीपर्यंत ७० टक्के पैसे गेलेले असतात. अॅल्युमिनियम शटरिंग वापरणाऱ्या साइटवर एकेक स्लॅब आठ-दहा दिवसांत पडतो आणि तेवढ्याच वेगाने डिमांड लेटर येतात. मग काम मंदावतं. प्लंबिंग, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, अग्निशमन विभागाची एनओसी, महापालिकेला द्यायच्या प्रीमियमचे थकलेले हप्ते, ओसी खरं तर इथे अडकते. इमारत बाहेरून पूर्ण दिसते, रंगही लागलेला असतो आणि वर्ष निघून जातं. या वर्षात तुमचं कर्ज जवळपास पूर्ण उचललेलं असतं, त्यामुळे व्याजातली बचत संपलेली असते आणि भाडं मात्र चालूच राहतं. वरच्या उदाहरणात विलंबाचं प्रत्येक वर्ष सुमारे सव्वादोन लाखांना पडतं.

विलंब झाला तर कायदा काय देतो

रेराच्या कलम १८ प्रमाणे करारातली तारीख उलटली तर दोन पर्याय आहेत. व्याजासकट पैसे परत घेऊन बाहेर पडायचं किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यायचं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधार दर) अधिक २ टक्के. कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात आदेश मिळाल्यावरही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि तिला वेळ लागतो. म्हणून तारखेचा प्रश्न करारापूर्वी सोडवायचा असतो.

महारेराच्या म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचं पान उघडा. मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही बघा. मुदतवाढ घेतलेली असेल तर किती वेळा, तेही दिसतं. तिमाही अपडेट भरले आहेत का, किती फ्लॅट बुक झाले, कोर्टात काय चालू आहे, जमीन किंवा प्रोजेक्ट कुठे गहाण आहे, हे सगळं तिथे असतं. त्याच बिल्डरचे आधीचे प्रोजेक्ट शोधून त्यांच्या तारखा पाहिल्या की ब्रोशरपेक्षा जास्त कळतं. प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी, बांधकामाची परवानगी, कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. ती टप्प्याटप्प्याने मिळते. तुमचा फ्लॅट अठराव्या मजल्यावर आणि सीसी बाराव्यापर्यंत असेल, तर वरची मंजुरी यायची आहे एवढाच त्याचा अर्थ.

करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही (कलम १३). 'ऑफर महिनाअखेरीपर्यंतच' म्हणत २० टक्के मागणाऱ्याकडे हे कलम दाखवून उठावं. अलॉटमेंट लेटर महारेराच्या नमुन्यातलं असेल तर १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास कपात नसते. त्यानंतर ती १ ते २ टक्के होते.

'रेडी' म्हणजे नक्की काय

बाजारात रेडी पझेशन हा शब्द सैल वापरला जातो. घरात टाइल्स लागल्या आहेत, नळाला पाणी येतंय, पण ओसी नाही, असा फ्लॅट कायद्याने तयार नाही. त्याच्यावर जीएसटी लागतो. इथे एक बारकावा लोकांना महागात पडतो. ओसी महिनाभरावर असताना तुम्ही एक लाख टोकन दिलंत, तर फक्त त्या लाखावर नाही, पूर्ण किमतीवर जीएसटी लागतो. सूट तेव्हाच, जेव्हा सगळे पैसे ओसीनंतर दिले जातात. ६० लाखांवर तीन लाख वाचत असतील तर थांबायला काय हरकत आहे?

'फिट-आउटसाठी ताबा' हा त्याचाच भाऊ. इंटिरियर करून घ्या म्हणून चावी देतात, त्याबरोबर ताबा मिळाल्याच्या पत्रावर सही घेतात, उरलेले सगळे पैसे आणि मेंटेनन्सही घेतात. त्या सहीने विलंबाच्या व्याजाचा तुमचा दावा कमकुवत होतो आणि ओसी मिळवायची बिल्डरची घाई संपते. ओसीशिवाय पाण्याचं नियमित कनेक्शन अडकतं, टँकरचा खर्च रहिवाशांवर येतो.

ओसी दाखवली तरी ती वाचा. अंशतः ओसी असेल तर तुमची विंग आणि तुमचा मजला त्यात लिहिलेला आहे का बघा. सोबतच्या मंजूर नकाशात गॅलरी गॅलरीच आहे का, की ती आत घेऊन खोली मोठी केली आहे, हेही ताडून घ्या.

तयार फ्लॅटची खरी तपासणी

तयार घराचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वस्तू समोर असते. पण बहुतेक लोक खिडकीतून दिसणारा देखावा बघून परततात. दोन तास काढा. बाथरूमचं छत बघा, वरच्या फ्लॅटची गळती आधी तिथे पिवळट डाग किंवा फुगलेल्या रंगाच्या रूपात दिसते. खिडकीखालची भिंत आणि बाहेरच्या भिंतींचे कोपरे हाताने चाचपा. नवा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर का, ते विचारा. टाइल्सवर नाणं वाजवत चाला. पोकळ आवाज आला तर खाली मसाला भरलेला नाही, ती टाइल वजनाखाली फुटणार. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, ते जाळीकडे गेलं पाहिजे, दाराकडे नाही. सगळे नळ एकदम उघडा. ईएलसीबीचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटन दाबा, वीज लगेच तुटली पाहिजे.

मग टेप किंवा लेझरने कार्पेट मोजा. रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि गॅलरी धरत नाहीत. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटच्या नमुना करारात क्षेत्रफळातला फरक ३ टक्क्यांपर्यंत मान्य असतो. तिथे तुम्ही नकाशा विकत घेता आणि सॅम्पल फ्लॅटला अनेकदा दारं नसतात, फर्निचर लहान असतं, म्हणून खोल्या मोठ्या भासतात.

कागदांत तयार फ्लॅटचे दोष वेगळे असतात. न विकलेले फ्लॅट बिल्डरच्या कर्जापोटी गहाण असू शकतात. त्या विशिष्ट फ्लॅटच्या नंबरसह कर्ज देणाऱ्या संस्थेचं एनओसी मागा. सोसायटी झाली असेल तर त्या फ्लॅटचा मेंटेनन्स थकलेला नाही असं तिचं पत्र घ्या, मालमत्ता कराची पावतीही. आणि विकणारा खरंच बिल्डर आहे ना? गुंतवणूकदाराचा फ्लॅट बिल्डरच्याच ऑफिसातून विकला जातो, तेव्हा तो रीसेलचा व्यवहार असतो आणि आधीच्या नोंदणीकृत कराराची साखळी लागते. तुमच्या बँकेने प्रोजेक्ट मंजूर केलाय, यावर मालकी हक्काची तपासणी सोडून देऊ नका. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल दोन्ही बाबतींत करून घ्या.

बांधकामातला दोष ताब्यापासून ५ वर्षांत कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. हे दोन्हींना लागू आहे, म्हणून ताबा पत्रावरची तारीख जपून ठेवा. पार्किंगचंही तसंच. उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. झाकलेलं पार्किंग देत असतील तर त्याचा नंबर, जागा आणि माप करारात आलं पाहिजे.

कोणी काय घ्यावं

भाडं भरता, पहिलंच घर आहे आणि ईएमआयनंतर हातात थोडंच उरतं, तर ओसी मिळालेला घ्या. हवा तो मजला मिळणार नाही, भाव पाडून मिळणार नाही, तरी चालेल. भाडं आणि व्याज एकाच वेळी दोन वर्षं सोसणं हेच बहुतेक कुटुंबांना मोडतं.

भाडं नाही, नोकरी स्थिर आहे, तीन वर्षांची घाई नाही, आणि बिल्डरचे आधीचे प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झालेले दिसतात, तर बांधकाम सुरू असलेला जरूर पाहा. तिथे निवड मिळते, भाव मिळतो. जुन्या करप्रणालीत असाल तर ताब्याआधीचं व्याज पुढे पाच समान हप्त्यांत वजावटीला येतं. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराला ही वजावट नाही, त्यामुळे तो फायदा हिशेबात धरू नका.

मधला पर्यायही आहे. आरसीसी म्हणजे सांगाडा पूर्ण, आतलं काम चालू, ओसी सहा-आठ महिन्यांवर. जीएसटी भरावा लागतो, पण प्लिंथ आणि स्लॅबच्या टप्प्यांची अनिश्चितता मागे पडलेली असते. यात करार करताच ७० टक्क्यांच्या आसपास रक्कम एकदम द्यावी लागते, त्यामुळे भाव तयार फ्लॅटपेक्षा निदान जीएसटी आणि उरलेल्या महिन्यांचं भाडं भरून निघेल इतका कमी करून घ्या. आणि लीगल चार्जेस, आगाऊ मेंटेनन्स, सोसायटी नोंदणी, वीज मीटर, सगळं धरून एकूण रक्कम टोकन देण्याआधी लेखी घ्या. शेवटचे ५ टक्के ओसीची प्रत हातात आल्यावरच सोडा.