सोमेर्सो की एम्पोली? जुनी इटालियन काच घ्यायची झाली तर

जुन्या इटालियन फुलदाण्या जमवायच्या म्हटलं की थोड्याफार भटकंतीनंतर बहुतेक जण दोन प्रकारांपाशी अडकतात. एक व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचं सोमेर्सो, म्हणजे रंगांचे थर एकात एक बुडवलेली जाड काच, दुसरी एम्पोली गावची रंगीत काच. दोन्ही साधारण पन्नास ते सत्तरच्या दशकांतली, आणि खिडकीत ठेवली तर खोलीचं रूप पालटणारी. माझ्याकडे दोन्ही होत्या. सोमेर्सोचे बरेचसे नग मी हळूहळू देऊन टाकले. तुमचा निर्णय वेगळा पडू शकतो, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

कारागिरी पाहिली तर मुरानो उजवं, यात वाद नको. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी आगीच्या भीतीनं 1291 साली भट्ट्या या बेटावर हलवल्या, तेव्हापासून तिथले हात याच कामात मुरलेले आहेत. सोमेर्सोत एका रंगाचा तापलेला गोळा दुसऱ्या रंगाच्या वितळलेल्या काचेत बुडवतात, आणि बहुधा त्यावर बिनरंगी काचेचा जाड थर चढवतात. चांगल्या नगात रंग एकमेकांत उतरत नाहीत. फुलदाणी हातात घेऊन सावकाश फिरवली की आतला निळा कधी काठापर्यंत फुगतो, कधी दोऱ्याएवढा होतो. फ्लाव्यो पोली या कलाकारानं सेगूझो व्हेत्री दार्ते या कारखान्यासाठी केलेल्या कामाला 1954 साली 'कंपासो दोरो' हा इटलीतला डिझाइनचा पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. चेनेदेझे या मुरानोच्या कारखान्यासाठी अंतोनियो दा रोसनं केलेले नग किंवा आल्फ्रेदो बार्बिनीची जाडजूड काच पाहिली की आपला एम्पोलीचा कप्पा जरा पोरकट वाटतो, हेही कबूल.

एम्पोली हे फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला, आर्नो नदीकाठचं गाव. तिथल्या भट्ट्यांचं पोट वाइन-तेलाच्या मोठ्या बुधल्यांवर आणि कियांतीच्या गवत गुंडाळलेल्या बाटल्यांवर चालायचं. वाळूतल्या लोहामुळे काचेला येणारा हिरवा रंग आधी नुसता होता म्हणून होता, पुढे तीच गावाची ओळख झाली. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाला आपल्याकडे जसा घरगुती मान, तसाच एम्पोलीच्या तस्कनी प्रांतात या हिरव्या काचेला. त्यातूनच पुढे सुरईसारख्या उंच बाटल्या, निमुळती बुचं, बाहेरून रंगीत आणि आतून दुधी अशा दुहेरी थराच्या फुलदाण्या आल्या. बरंचसं काम साच्यात फुंकलेलं, त्यामुळे अंगावर उभ्या पन्हळी, पीळ किंवा हिऱ्यासारखे चौकोन. काच पातळ आणि हलकी.

आता माझा निकाल जिच्यामुळे लागला ती कटकट. बाजारात दोन रंगांची, जाड भिंतीची कुठलीही फुलदाणी उचला, विकणारा छातीठोकपणे सांगतो, "सेगूझो, फ्लाव्यो पोली." सोमेर्सोवर सही बहुधा नसतेच. असतो तो चांदी-सोनेरी कागदाचा स्टिकर, आणि त्याला काय अर्थ? तो एका फुलदाणीवरून निघून दुसरीवर सहज बसतो. शिवाय बरेच स्टिकर नुसते 'मुरानो, मेड इन इटली' एवढंच सांगतात, भट्टीचं नाव नाहीच. बरं, ही जाड थरांची काच एकट्या मुरानोनं केली असंही नाही. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, ख्रिब्स्का गावी योसेफ होस्पोडकाच्या आखणीनुसार फुलदाण्या झाल्या, श्क्रद्लोविचे गावी झाल्या, जपानमध्ये झाल्या, अलीकडे चीनमध्येही होतात. यातला कितीतरी माल आज मुरानोच्या नावावर खपतो. 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हे अधिकृत चिन्ह आहे, पण ते व्हेनेतो प्रांताच्या 1994 च्या कायद्यानंतरचं. पन्नासच्या दशकातली म्हणून दाखवलेल्या फुलदाणीवर ते दिसलं तर नमस्कार करून पुढे जावं.

मग आपण तळ बघायला लागतो. तळ घासून सपाट आणि चकचकीत केलेला आहे का, जिथे फुलदाणी टेकते तिथेच बारीक ओरखडे आहेत का, ते सगळ्या दिशांना गेलेत का. पॉलिश पेपरनं मुद्दाम जुनी केलेली वस्तू इथे पकडली जाते, कारण तिचे ओरखडे एकाच दिशेनं, एकाच खोलीचे असतात. पण गोम अशी की ओरखडे फार तर वय सांगतात, गाव सांगत नाहीत. बोहेमियातली फुलदाणीही साठ वर्षं कुणाच्या तरी कपाटात सरकतच होती. अतिनील टॉर्च मारून बघा, असं जाणकार सांगतात. मीही बघतो, पण ती चमक काचेतल्या रसायनाची, मुरानोची नव्हे. माझ्याकडच्या एका निळ्या-मधाळ नगाला एका व्यापाऱ्यानं सेगूझो म्हटलं, दुसऱ्यानं ती मुरानोचीच नाही म्हणून सांगितलं, आणि दोघांचं म्हणणं तेवढंच पटलं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "ओरिजिनल आहे का हो?" यावर दर वेळी "बहुधा" म्हणणं मला जमेना. फुलदाणी बघायची सोडून मी भिंग घेऊन जुन्या कॅटलॉगांतले फोटो ताडत बसायचो. काहींना यातच मजा येते, हे मान्य. मला नाही आली.

एम्पोलीत गोंधळ नाही असं नाही. स्पेनची हिरवी काच, अमेरिकेतल्या ब्लेंको आणि रेनबो या काच कंपन्यांच्या बाटल्या नवख्याला चकवतात, आणि गंमत म्हणजे खुद्द एम्पोलीचा मालही कित्येक जण मुरानो सांगून विकतात. पण इथे ओळख घाट, नक्षी आणि रंगावरून पटते. साच्यातलं काम असल्यानं तोच घाट पुन्हा पुन्हा समोर येतो, आज हिरव्यात, उद्या मधाळ पिवळ्यात, आणि डोळा आपोआप तयार होतो. कलाकाराचं नाव क्वचितच माहीत असतं, लेबलावर पुष्कळदा अमेरिकेतल्या आयातदाराचं नाव असतं, त्यामुळे थोर सही चिकटवून भाव चढवायची सोय फारशी नाही. भाव ठरतो तो मुख्यतः घाट, रंग आणि वस्तूच्या अवस्थेवरून. मला हे परवडतं, खिशालाही आणि डोक्यालाही.

एम्पोलीची खोड म्हणजे अरुंद मान. कुणीतरी कधीकाळी पाणी भरून ठेवलेलं असतं आणि आत पांढरं धुकं बसतं. क्षार असतील तर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी रात्रभर ठेवून, मूठभर तांदूळ टाकून हलवलं की निघतात. काचच खाल्ली गेली असेल तर मात्र घरी इलाज नाही. अशी काच ओली असताना स्वच्छ दिसते आणि वाळली की धुकं परत येतं. म्हणून काही विक्रेते आतून तेलाचा हात फिरवून ठेवतात. आत बोट घालून बघा, बुळबुळीत लागलं तर समजून जा. दुधी अस्तराच्या फुलदाण्यांत काठाचा टवका लगेच डोळ्यांत भरतो, रंगाखालचा पांढरा उघडा पडतो. सोमेर्सोचा काठ पुन्हा घासून टवका लपवता येतो. पण तसं केलेल्या नगाची उंची आणि रुंदी एकमेकांना साथ देत नाहीत, नीट पाहिलं तर कळतं. शिवाय सोमेर्सोचं वजन! परदेशातून मागवलंत तर पाठवणावळ कधीकधी वस्तूच्या किमतीला गाठते.

एकच नग घ्यायचा आहे, पुढेमागे विकायचा विचार आहे आणि हात मोकळा सोडायची तयारी आहे, तर सोमेर्सो घ्या. मात्र लिलावगृहाकडून, कागदपत्रांसह, आणि जमलं तर आधी मुरानोच्या पलाझ्झो जुस्तिनियानमधलं काचसंग्रहालय बघून. खिडकीत एक रांग लावायची असेल, तर मी एम्पोलीकडे झुकेन. तिथलंही संग्रहालय आहे, जुन्या मिठाच्या कोठारात, 2010 पासून. सुरुवात पन्हळीच्या साध्या हिरव्या फुलदाणीनं करावी, रुंद तोंडाच्या. बुचाच्या उंच बाटल्या फोटोत फार छान दिसतात, पण बूच मूळचंच आहे ना याची खात्री करावी आणि पार्सलमध्ये ते बाटलीवर न ठेवता वेगळं गुंडाळायला सांगावं. बुचाशिवायच्या बाटलीला कुणी विचारत नाही.