बाहेरच्या डिस्कवर काय न्यायचं: अख्खा डॉकर की नुसता डेटा?

घरी मिनी पीसीचा छोटा सर्व्हर आहे. त्यावरचे प्रोग्रॅम डॉकर चालवतो, प्रत्येकाला वेगळ्या खोक्यात (कंटेनरमध्ये) ठेवून. सर्व्हरची आतली एसएसडी भरत आली की दोन वाटा. डेटा-रूट (डॉकर आपला पसारा ठेवतो तो फोल्डर) बदलून अख्खा डॉकरच बाहेरच्या डिस्कवर न्यायचा, नाहीतर डॉकर जागच्या जागी ठेवून जड फोल्डर तेवढे बाइंड माउंटने (सर्व्हरवरचा फोल्डर कंटेनरला जोडून) बाहेर. मी दोन्ही करून पाहिलंय, एकेक पावसाळा.

पहिली वाट सोपी, वादच नाही. मी केलं तेव्हा सेटिंगमध्ये एक ओळ, जुना डेटा कॉपी, रीस्टार्ट, झालं. डिस्क मात्र ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम) करून घ्या. एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टमवर फाइलींच्या परवानग्यांचा घोळ दोन्ही वाटांत होतो.

पण आमचं घर गुहागरचं. जूनमध्ये वारा सुटला की झावळी तारेवर पडते, लाइट जाते. परत आली की मिनी पीसी पटकन उठतो, साडेतीन इंची डिस्क मात्र सावकाश घरघरत. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क जोडायची त्या यादीत, 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) टाकलेलं (नाहीतर बूट अडकतं, आणि मग माळ्यावरचा मॉनिटर काढा), त्यामुळे डॉकर तिच्यासाठी थांबत नाही. रिकाम्या फोल्डरात नवा संसार थाटतो. एकही कंटेनर दिसत नाही. डिस्क माउंट करून (सिस्टमला जोडून) डॉकर रीस्टार्ट केला की सगळं जिथल्या तिथे, पण तोवर पाय-होलही (जाहिराती अडवणारा, घरचा डीएनएस सर्व्हर) गायब. म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) नाही, म्हणजे घरभर नेट नाही. मी चिपळूणला कामावर, आणि आईचा फोन: "अरे, तुझा तो डबा परत बसलाय."

सिस्टमडीला (लिनक्समध्ये सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) सांगून डॉकरला डिस्कसाठी थांबवता येतं, मीही ते केलं. श्रावणात खाऱ्या हवेनं यूएसबीच्या पिना हिरवट पडल्या, डिस्क दिसेचना, आणि डॉकर सुरूच झाला नाही. पुन्हा तोच फोन.

आता पाय-होल आणि इमिचचा (फोटो सांभाळणारा प्रोग्रॅम) डेटाबेस आत, फोटो बाहेर. कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली फाइल) खटाटोप जास्त, हे खरं. एक खोड इथेही आहे: फोल्डर सापडला नाही तर डॉकर गुपचूप रिकामा फोल्डर बनवतो आणि फोटो एसएसडीवर साचू लागतात. म्हणून डिस्क जिथे माउंट होते तिच्या आतला उपफोल्डर द्यायचा, कंपोज फाइलमधली त्याची नोंद लांब पद्धतीनं लिहायची आणि त्यात 'क्रिएट होस्ट पाथ' फॉल्स (म्हणजे फोल्डर बनवू नको) ठेवायचं. मग डिस्क नसली तर इमिच सरळ अडून बसतो.

सर्व्हर इन्व्हर्टरवर असेल आणि त्यावर नुसते सिनेमे असतील, तर पहिली वाट खुशाल घ्या. आमच्याकडे परवाही लाइट गेली होती. फोटो दिसत नाहीत हे मला रात्री घरी आल्यावर कळलं; आईला अजून माहीत नाही.