हॉलंडच्या पोरांचे कपडे आणि राइक्सम्युझियमची वेबसाइट

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी एकोणीस वर्षांपासून शिलाई करते. ब्लाउज, गणवेश, बाळंतविड्याची झबली-टोपडी. यंदा दिवाळीनंतर शाळेचे गुरुजी आले. स्नेहसंमेलनात हॉलंडच्या जुन्या काळातलं नाटक बसवलं होतं, पाच मुलांचे ड्रेस पाहिजे होते. नमुना म्हणून आणलेला फोटो भाड्याच्या ड्रेसचा होता, नुसती चमकी आणि प्लास्टिकची लेस. तसं शिवायला हात धजेना. मग भाचीनं हॉलंडमधल्याच ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची वेबसाइट उघडून दिली. तिथे जुनी चित्रं आहेत.

हे म्युझियम 2012 पासून आपली चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेऊ देतं. चित्र बोटांनी मोठं करत गेलं की कॉलरच्या लेसची जाळी दिसते, बाहीची चीर आणि तिच्यातून डोकावणारं आतलं कापड दिसतं. शिलाईच्या पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा मला हे जास्त उपयोगी पडलं, कारण इथे कपडा अंगावर आहे. कुठे ताणतो, कुठे झोळ पडतो, सगळं कळतं.

पहिल्याच संध्याकाळी गोंधळ झाला. जे चित्र मुलाचं म्हणून उघडलं, त्यात खाली चुण्यांचा पायघोळ घागरा. भाची म्हणाली, "मावशी, हे तं पोरगी हाय ना!" पण तो मुलगाच होता. सतराव्या शतकात तिथे मुलगेही सहा-सात वर्षांचे होईपर्यंत घागऱ्यातच असत, तुमान त्यानंतर. सासूबाईंना यात काही नवल वाटलं नाही. "बारीक लेकराले फराकच बरा. ओला झाला का बदलाले सोपा," म्हणाल्या. कारण तेच होतं.

मग मुलगा ओळखायचा कसा? वरचा भाग बघायचा. मुलाच्या अंगात पुष्कळदा मोठ्या माणसासारखी बंडी असते, समोर गळ्यापासून गुंड्यांची रांग. डोक्यावर पिसाची टोपी, हातात चाबूक नाहीतर कोल्फ नावाच्या तिथल्या जुन्या खेळाची, चेंडू मारायची काठी. शेजारी वेर्स्प्राँक या चित्रकाराचं 1641 चं निळ्या ड्रेसमधल्या मुलीचं चित्र उघडून ठेवा, तिच्या हातात पिसांचा पंखा आहे. फरक लगेच ध्यानात येतो. यान स्टेन या चित्रकाराचं सेंट निकोलसच्या सणाचं चित्र आहे. त्या सणाला शहाण्या पोरांच्या बुटात खाऊ निघतो. चित्रात मोठा भाऊ रडतोय, बुटात खाऊऐवजी छडी निघाली म्हणून. त्याची तुमान मी तासभर पाहिली असेल.

दोन गोष्टींनी माझं मन भरून आलं. काही घागऱ्यांवर आडव्या टका, म्हणजे कापड दुमडून घातलेल्या शिवणी, दिसतात. शोभेच्या वाटतात, पण पोर वाढलं की त्या उसवून घागरा लांब करता येतो. आपणही परकराला टक घालतोच की! दुसरी, खांद्यामागून लोंबणाऱ्या दोन लांब पट्ट्या. आधी वाटलं रिकाम्या बाह्या आहेत. लेकरू चालायला शिकताना आई त्याच पट्ट्यांनी सावरायची. काही बाळांजवळ पोवळ्याचा खुळखुळा आहे, दृष्ट लागू नये म्हणून. आपल्या मनगटातल्या काळ्या मण्यांचा भाऊच तो.

अडचणीही सांगते. चित्रात पाठ दिसत नाही. मागून बंद कसा केलाय, नाड्या की हूक, ते माझ्या अंदाजानं शिवलं. गावात रेंज नसते, म्हणून चित्रं तालुक्याला जाऊन उतरवली. तिथे प्रिंट काढले ते इतके काळपट आले की काळ्या कापडावरची काळी नक्षी पार बुडाली. साठ रुपये वाया गेले. प्रिंट काढूच नका, मोबाइल शिलाई मशीनशेजारी उभा करून ठेवा.

कॉलरला मी जुन्या धोतराचं मऊ सुती कापड घेतलं, कडेला सुती लेस लावली आणि भाताच्या पेजेची खळ दिली. नायलॉन लेसला खळ धरत नाही. लहान दोघांना घागरे आणि पट्ट्या, मोठ्या तिघांना गुडघ्याखाली बांधायच्या तुमानी. घागरा घालायला एक पोरगा तयार होईना. त्याला मोबाइलवर त्याच्याच वयाचा, काठी घेतलेला मुलगा दाखवला. त्यानं काठीही मागितली. बाभळीची करून दिली.

शिवणारीनं ही वेबसाइट जरूर बघावी. पैसे लागत नाहीत. पहिलं चित्र उघडाल तेव्हा चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी कॉलरची कड मोठी करा.