मंडळाने वाजवलेलं: ‘कन्सर्ट फॉर बांगलादेश’ पाच महिने ऐकल्यावर

मिरग लागला त्याच दिवशी पार्सल आलं. पाकीट भिजलेलं, आतल्या पुस्तिकेची पानं एकमेकांना चिकटलेली. पंख्याखाली धरून एकेक सोडवलं, तरी कडेला बुरशी धरलीच. दोन्ही सीडी मात्र शाबूत होत्या. तेव्हापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून तीनदा तरी हा अल्बम आमच्या पडवीत वाजला आहे, बाहेर पाऊस असो वा नसो.

मी मालवण तालुक्यातल्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवतो. रॉक संगीत कॉलेजात रत्नागिरीला असताना कानावर पडलं, तेवढंच. हा संच घेतला तो पहिल्या सोळा-सतरा मिनिटांसाठी. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, अल्लारखांचा तबला आणि कमला चक्रवर्तींचा तानपुरा. पहिला महिना मी तेवढंच ऐकून बंद करायचो. ती माझी चूक होती.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, एक दुपारचा आणि एक रात्रीचा, अशा दोन कार्यक्रमांतून हे ध्वनिमुद्रण झालं. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात पूर्व पाकिस्तानातली, म्हणजे आजच्या बांगलादेशातली, किमान तीन लाख माणसं गेली होती, आणि मार्च १९७१ पासून लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात येत होते. रविशंकरांचं घराणं मूळचं तिकडचं, खाँसाहेबांचा जन्मच तिथला. रविशंकरांनी बीटल्स बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनला मदतीची गळ घातली आणि त्याने काही आठवड्यांत एवढी मंडळी जमवली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं, माड आडवे झाले, कितीतरी दिवस वीज नव्हती. त्यामुळे वादळ म्हणजे काय हे इथे कुणाला समजावावं लागत नाही. तरी तीन लाख हा आकडा वाचल्यावर मी बराच वेळ सीडी लावली नव्हती.

सुरुवातीला वाद्यं लावून होतात आणि सभागृह टाळ्या वाजवतं. रविशंकर शांतपणे म्हणतात, वाद्यं लावणं एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. इतर ठिकाणी हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. मला त्यात लोकांची आस्था दिसते. श्रावणात पखवाजाची पुडी ओलीने उतरते, कणीक लावून, गठ्ठे ठोकून स्वर जागेवर आणायला पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ खळ्यात बसलेली माणसं गप्प राहतात. ती शांतता आणि या टाळ्या मला वेगळ्या वाटत नाहीत. धून संथपणे सुरू होते आणि शेवटी सतार नि सरोद एकमेकांना असे बोल देतात, की आमचे बुवा पहिल्यांदा ऐकताना पेटीवरचा हात थांबवून म्हणाले, “अरे, हो तबलो कोण वाजयता?” अल्लारखांचं नाव सांगितल्यावर कानाला हात लावला आणि म्हणाले, “परत लाव.”

जुलैत वीज गेली असताना बॅटरीच्या स्पीकरवर पुढची गाणी चालू ठेवली आणि हळूहळू कान उघडला. रिंगो स्टार आणि जिम केल्टनर, दोन ड्रम एका वेळी. दोन पखवाज एकत्र बसवायचे म्हणजे काय कसरत असते ते आमच्यातले जाणतात: एकाने बोल भरला की दुसऱ्याने जागा सोडायची. इथे केल्टनर रिंगोच्या वाटेत येतच नाही. बिली प्रेस्टनचा ऑर्गन गाण्याखालून पेटीसारखा धरून राहतो. बॅडफिंगर या बँडची पोरं अकूस्टिक गिटारी घेऊन मागे बसली आहेत. नुसतं ऐकून त्या सापडतच नाहीत. ऑगस्टअखेर एका रात्री हेडफोन लावला तेव्हा त्या सळसळीचा पत्ता लागला. पुढे असलेल्याला पुढे राहू देणं ही खरी कोरसची कामगिरी, आणि या अल्बममध्ये नावाजलेली माणसं ती मनापासून करतात. गायक बॉब डिलनच्या वेळी मागे फक्त तिघं: हॅरिसनची गिटार, लिऑन रसेलचा बास आणि रिंगोच्या हातात साधी खंजिरी. बीटल्सचा ड्रमर खंजिरी धरतो! आमच्याकडे ज्याला चकी दिली त्याचं तोंड पडतं.

सगळं चोख नाही. रसेलची मेडली मला आजही लांबलेली वाटते, मी ती बरेचदा पुढे ढकलतो. रिंगो एका गाण्यात शब्द विसरतो. गिटारवादक एरिक क्लॅप्टन त्या दिवसांत आजारी होता, ते त्याच्या गिटारीत जाणवतं. मोठ्या गर्दीच्या गाण्यांत ब्रास आणि कोरस एकमेकांवर चढतात. पण त्यातला एकही दोष काढून टाकावा असं आता वाटत नाही. जत्रेतल्या भजनात पहाटे बुवांचा आवाज बसतो, तेव्हा आपण उठून जात नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. यातून आलेले पैसे युनिसेफसाठी होते, पण आधी कागदपत्रं नीट न झाल्यामुळे अल्बमच्या उत्पन्नातले बरेच पैसे अमेरिकी करखात्याकडे वर्षानुवर्षं अडकले. हा भाग वाचून मला मनापासून वाईट वाटलं. १९७३ मध्ये या संचाला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, पण माझ्या मनात अडकलेले पैसेच जास्त राहिले.

घ्यायचा असेल तर २००५ ची आवृत्ती घ्या, शेवटी डिलनचं दुपारच्या कार्यक्रमातलं एक गाणं जास्त आहे. पावसाळ्यात पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि माझ्यासारखं धून संपल्यावर बंद करू नका. चवथीत आमच्या मंडळातल्या धाकट्या पखवाजवाल्याला मी हे दोन ड्रमवालं गाणं चार वेळा ऐकवलं. पाचव्या दिवशी आरतीला तो पहिल्यांदाच मधेच थांबला आणि मला जागा दिली.