मदरबोर्ड बदलला म्हणून विंडोज ‘नवीन’ विकत घ्यायला लावलं, सांभाळा

पीसी अपग्रेड करणार असाल तर दुकानात मशीन टेकवायच्या आधी हे वाचा, माझे ४२०० गेलेत आणि वर तीन रविवार गेले ते वेगळेच.

माझा पीसी २०१७ चा, असेंबल्ड, सहाव्या जनरेशनचा आय फाइव्ह. त्या वेळी मी विंडोज १० होमचा डबा, रिटेलवाला म्हणजे सुटा विकत मिळतो तो, रीतसर बिल करून घेतला होता, बायको म्हणाली पण होती की सगळं जग फुकटचं वापरतं आणि तुम्हीच एक हरिश्चंद्र. पण मी घरून पाच-सहा दुकानदारांच्या टॅलीच्या एन्ट्र्या आणि जीएसटी रिटर्नं बघतो, लोकांचे पासवर्ड माझ्याकडे असतात, म्हणून म्हणलं मशीन चोख पाहिजे. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर निदान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, माझं मशीन कशातच बसत नव्हतं. मग बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायचं ठरवलं. कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी जुनंच.

दुकान नाशिकातलंच, ओळखीतून कळलेलं, नाव लिहीत नाही. दुकानदार गोड बोलणारा, दर वाक्याला ‘सर’. पार्टचे भाव मी आधी चार ठिकाणी विचारून ठेवले होते त्यामुळे तिथे त्याला वाव मिळाला नाही, आणि बहुतेक म्हणूनच त्याने दुसरीकडे काढलं. दुपारी फोन आला की सर, बोर्ड बदलला ना, तुमचं जुनं लायसन आता बाद, नवीन ओरिजिनल लाइफटाइम की टाकावी लागेल, प्रो (होमच्या वरची आवृत्ती) टाकतो, ३५०० होतील आणि फॉर्मॅट-लोडिंगचे ७००. मी म्हणलं माझ्याकडे डबा आहे, तर म्हणे सर तो त्या बोर्डाला बांधलेला असतो. आणि पुढे, बिलात घेतलं तर १८ टक्के लागतील, कॅश द्या. इथे माझीही हाव नडली, उगाच साधूचा आव आणत नाही. पार्टचं पक्कं बिल मिळालं आणि या ४२०० ची नुसती एस्टिमेटची चिठ्ठी, सोबत एक चकचकीत कार्ड, त्यावर २५ अक्षरांची की.

तो जे बोलला ते अर्धं खरं आहे म्हणून माणूस फसतो. लॅपटॉपसोबत किंवा ब्रँडेड पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन, म्हणजे कंपनीनेच आधी टाकून दिलेलं, बोर्डासोबतच जातं. पण रिटेल घेतलेलं तसं नसतं, ते जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. आणि लॉकडाऊनमध्ये मी या पीसीत आउटलुकच्या खात्याने साइन इन केलं होतं, तेव्हाच लायसन त्या खात्याला जोडलं गेलं होतं, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

सहाएक महिने मशीन मस्त चाललं. मग एके दिवशी रिटर्न भरायच्या गडबडीत स्क्रीनवर मेसेज, तुमचं विंडोज लायसन लवकरच संपणार आहे. लाइफटाइमवालं संपतं कसं? भाच्याला फोन लावला, तो पुण्यात आयटीत आहे, तो म्हणाला मामा, विंडोज आणि आर दाबा आणि त्यात एसएलएमजीआर टाइप करा, स्पेस, स्लॅश, एक्सपीआर. लायसन पक्कं असेल तर तिथे ‘परमनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड’ येतं. माझ्याकडे आलं व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेशन आणि पुढे संपायची तारीख. मग एक्सपीआरच्या जागी डीएलआय टाकून बघितलं तर चॅनल, म्हणजे लायसनचा प्रकार, म्हणून व्हॉल्यूम केएमएस क्लायंट, आणि कीची शेवटची पाच अक्षरं टी८३जीएक्स. कार्डावरची की भलतीच! ही पाच अक्षरं नेटवर टाकली तर ती की मायक्रोसॉफ्टच्याच पानावर सगळ्यांसाठी उघडी छापलेली सापडली.

भाच्याने समजावलं ते असं, केएमएस ही मोठ्या कंपन्यांसाठीची सोय आहे, त्यांच्या ऑफिसात एक सर्व्हर असतो आणि सगळे पीसी त्याच्याकडे हजेरी लावतात, एकदा हजेरी लागली की १८० दिवस चालतं. माझ्या मशीनला कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरचा पत्ता दिलेला होता, तो बंद पडला असणार म्हणून मुदत भरत आली. याहून वाईट म्हणजे डिफेंडर, म्हणजे विंडोजचाच अँटीव्हायरस, त्याच्या एक्सक्लूजनमध्ये एक अख्खं फोल्डर टाकून ठेवलेलं, म्हणजे अँटीव्हायरसला सांगितलेलं की इथे बघायचंच नाही. त्या मशीनवरून मी सहा महिने नेटबँकिंग केलं आणि लोकांच्या पोर्टलला लॉगिन केलं. त्या रात्री झोप आली नाही, खोटं कशाला सांगू.

मग बँकेचे पासवर्ड बायकोच्या फोनवरून बदलले, क्लायंटना फोन करून त्यांचेही बदलून घेतले, ते लाज वाटण्याचं काम झालं. डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतला, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ घेतलं. की विचारली की ‘माझ्याकडे की नाही’ म्हणायचं आणि होमच निवडायचं, कारण होमचं लायसन प्रोवर चालत नाही, दुकानदाराने प्रो टाकलं होतं म्हणून तसं राहू दिलं असतं तर माझं जुनं लायसन लागलंच नसतं. पहिला रविवार लॅन ड्रायव्हरने खाल्ला, नव्या बोर्डाचं नेटवर्क सेटअपला ओळखूच येईना आणि इंटरनेटशिवाय ते पुढे सरकेना, ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.

शेवटी सेटिंग्जमध्ये सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशन, ट्रबलशूट, तिथे ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ अशा अर्थाचा पर्याय येतो, तो दाबून खात्याने साइन इन केलं, यादीत माझ्या जुन्या पीसीचं नाव दिसलं, ते निवडलं आणि अ‍ॅक्टिव्हेट. पाच मिनिटं. शून्य रुपये. म्हणून सांगतो, बोर्ड काढायच्या आधी घरीच डीएलआय चालवून चॅनल रिटेल आहे का बघा, खातं जोडलेलं आहे का बघा, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बोर्ड बदलल्यावर तीच मागतात.

दुकानात गेलो तर म्हणे सर लाइफटाइम म्हणजे परत आलं की मी परत मारून देणार ना, फुकट, सगळं मार्केट हेच करतं. पैसे परत मागितले तर बिल दाखवा. तिथेच उभा राहून ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ फिरवायला लागलो तेव्हा दीड हजार काढून काउंटरवर ठेवले आणि बाकीचे सर्व्हिस चार्ज म्हणाला. मी घेतले, जास्त ताणलं नाही, चिठ्ठीवर त्याचं नाव पण नव्हतं.

मेव्हण्यानेही मागे तिथूनच मशीन करून घेतलंय. तो म्हणतो तुमच्याच बाबतीत काहीतरी झालं असेल, मला ओरिजिनलच दिलंय. काल त्याच्याकडून कार्डाचा फोटो मागवला. की अक्षरन् अक्षर माझ्या कार्डावरचीच.