मॉलमधला छोटा गाळा: समोर काचेची शोविंडो करायची की दुकान पूर्ण उघडं ठेवायचं?

200 स्क्वेअर फुटांच्या आसपासचा गाळा असेल तर इंटिरियरवाल्याशी पहिली चर्चा याचीच करा, रंग आणि फर्निचर नंतर बघू.

शोविंडोचा फायदा म्हणजे मोजक्या वस्तू नीट मांडून दाखवता येतात. घड्याळं, दागिने, परफ्युम असा छोटा आणि महाग माल असेल तर काच हवीच, धूळ आणि चोरीची भीतीही कमी होते. पण विंडोला निदान दोन फूट खोली लागते, ती दुकानातूनच जाते, आणि दारामुळे नुसतं बघायला येणारा माणूस बाहेरूनच वळतो. सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. बाहेरचा पॅसेज आतल्यापेक्षा उजळ असला की काचेचा आरसा होतो, मॅनेक्विनच्या अंगावर समोरच्या दुकानाचा बोर्ड उलटा दिसतो, आणि तुम्ही मनापासून लावलेला कुर्ता कुणाला दिसतच नाही. विंडोची मागची भिंत काळी केली तर हे अजून वाढतं, म्हणून भिंत फिकट ठेवा आणि काचेच्या आतल्या बाजूला वर स्पॉट लावून त्यांचा झोत मालावर सोडा.

उघड्या दुकानात माणूस चालता चालता आत येतो, हात लावून बघतो. कपडे, बॅगा, खेळणी, मोबाईल कव्हर यांना मी डोळे झाकून हेच सांगेन. इथे मागची भिंत हीच तुमची शोविंडो, ती सगळ्यात जास्त उजळवा, पुढे कमरेइतकं टेबल आणि उंच रॅक मागे, नाहीतर पुढचा रॅकच सगळं झाकून टाकतो. रात्री शटर लागतं, आणि दुकानात एकच माणूस असेल तर मालावर लक्ष ठेवणं खरंच अवघड जातं. गाळा रुंद असेल तर अर्धी काच अर्धं उघडं असंही जमतं, अरुंद गाळ्यात मात्र नको.

दोन्हीकडे लाइटचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 90 च्या वर घ्या. 80 वाल्यात लाल-मरून मळकट दिसतात, कपडेवाल्यांनी इथे पैसे अजिबात वाचवू नयेत. कपड्यांना 3000 ते 4000 केल्विन छान (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर), 6500 चा पांढराफटक उजेड चेहऱ्यावर वाईट पडतो, मग गिऱ्हाईक आरशात बघून कपडा परत ठेवतं.

अजून एक, मॉलमधली माणसं दुकानाला समांतर चालतात, त्यामुळे दारावरचा मोठा बोर्ड अगदी समोर येईपर्यंत नीट वाचता येत नाही. मॉलची परवानगी मिळाली तर पॅसेजमध्ये काटकोनात डोकावणारी छोटी पाटी लावाच. आणि काचेवर सेलचे स्टिकर चिकटवून ती भरून टाकणार असाल तर विंडोवर खर्च कशाला करताय?

अजून ठरत नसेल तर तुमच्यासारखाच माल विकणारी दोन दुकानं शोधा, एक काचेचं एक उघडं, बाजूने दहा पावलांवरून दोन्हींचा फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. ज्यात माल भिंतीपासून वेगळा उठून दिसतो तिथली मांडणी आणि लाइट नीट बघून घ्या.